हिच्या कपाटातले पाखरू

३ मार्च

ती. दादांस,
सा. नमस्कार.

आज दुकान नेहमीप्रमाणे उघडले. एका गृहस्थांच्या चष्म्याची दांडी निखळली होती, ती बसवून दिली. एक बाई मुलीचा चष्मा घेऊन गेल्या. दुपारनंतर कोणी फिरकले नाही, म्हणून लवकर शटर ओढून घरी आलो.

ही गेल्याचे कार्ड टाकल्यानंतर तुम्हाला लिहिणे झाले नाही. तुमच्याकडूनही काही आले नाही. त्याबद्दल मी मनात काही धरलेले नाही.

आज लिहिण्याचे कारण निराळे आहे. गॅलरीतल्या दिव्यावर येणारे पतंग पाहायची सवय हिला लहानपणी तुम्हीच, थोरल्या भावाने, लावलीत. पुढे हिने प्रत्येकाचे कार्ड केले. वर रंगीत चित्र, खाली नाव. पकडलेला पतंग चित्र होईपर्यंत पेल्याखाली ठेवायची आणि सोडून द्यायची. ती गेल्यावरही मी संध्याकाळी दिवा लावतो. मला चित्र येत नाही, पण जो पतंग येईल तो कार्डांशी ताडून पाहतो. आतापर्यंत प्रत्येक जण कार्डांत सापडला होता.

गेल्या आठवड्यात एक असा दिसला की जो कुठल्याच कार्डात नाही. तो दिव्यावर येत नाही. उलट खोलीत दिवा लावला की पळतो, आणि उडण्यापेक्षा धावतोच जास्त. तांदळाच्या दाण्याएवढा असेल. दुकानातल्या भिंगाखाली पाहिला. रंग करडा-तपकिरी, पंखावर पुसट ठिपके, मागच्या पंखांना केसांची झालर, आणि डोक्यावर झोपेतून उठल्यासारखे पिंजारलेले केस. हिच्या लोकरीच्या कपाटाच्या फटीतून तो बाहेर येतो. ते कपाट मी अजून उघडलेले नाही. जसे होते तसे आहे.

त्याचे नाव कळले तर हिच्या कार्डांत एक कार्ड वाढवीन म्हणतो. तुम्ही संग्रहालयात जन्म काढलात. दुसऱ्या कोणाला विचारणार? सवडीने कळवावे.


१२ मार्च

जावईबापू,

पत्र मिळालं. मागच्या कार्डाला उत्तर आलं नाही असं तुम्ही लिहिता. सगळं आटोपल्यावर आलेल्या कार्डाला उत्तर नसतं. ते वाचायचं आणि खिशात ठेवून कामाला जायचं. मी गेलो. त्या दिवशी एका भुसा भरलेल्या तरसाचा कान चिकटवायचा होता.

असो. पाखराबद्दल.

वर्णन बरं केलंय. चष्मेवाल्याकडून इतपत अपेक्षा होतीच. पण पाखरू नुसतं पाहून ओळखता येत नाही, ते राहतं कुठे हे पाहावं लागतं. तुम्ही फटीपर्यंत जाऊन परत आलात. कपाट उघडा. आत काय काय आहे, कशावर काय दिसतं, सगळं कळवा. हात लावायला जीव होत नाही वगैरे मला सांगू नका. तुमची ही म्हणजे आमची बारकी माझ्याबरोबर मेलेल्या उंदरावरचे किडे मोजत बसायची, तेव्हा ती सहा वर्षांची होती आणि नाक धरत नव्हती.

आणि हो, आत गेल्यावर एकदम झटकाझटकी करू नका. जे जिथे आहे तिथेच राहू द्या.

दादा


२६ मार्च

ती. दादांस,
सा. नमस्कार.

तुमचे पत्र येऊन बरेच दिवस झाले. रविवारी मनाचा हिय्या करून कपाट उघडले.

वरच्या फळीवर हिची राखाडी शाल. खाली हिरवे जाकीट, दोन बिनबाह्यांचे स्वेटर आणि मफलर. सगळ्यात खाली ती अंथरुणाला असताना विणायला घेतलेला किरमिजी स्वेटर. माझ्या मापाचा आहे. एक बाही व्हायची राहिली, सुया त्यातच आहेत. कपाट उघडल्यावर काही वेळ हिचा वास आला, मग हवा शिरली तसा कमी झाला. म्हणून पुढचे पाहणे मी दार थोडेच उघडून बॅटरीने केले.

पाखरे चार-पाच असावीत. पण नवल वेगळेच आहे. शालीच्या घडीत गव्हाच्या दाण्याहून लहान अशा नळ्या दिसल्या. दोन्ही तोंडे उघडी, रंग शालीचाच. आधी वाटले लोकरीचे गोळे झाले आहेत. मग एक नळी चालू लागली. आतून एक पांढुरकी अळी डोके काढून ती ओढत होती. किरमिजी स्वेटरवर नळ्या किरमिजी होत्या.

कपाटात डांबरगोळ्यांची पुरचुंडी होती, ती रिकामी झाली आहे. हिच्या आजारपणात नव्या घालायच्या राहून गेल्या. मी बाजारातून आणून ठेवल्या आहेत, पण वासाने पाखरांना अपाय होईल का, हे आधी विचारावे म्हटले. तोवर ठेवत नाही.


५ एप्रिल

जावईबापू,

डांबरगोळ्या चुकूनही ठेवू नका. त्या वासानं एक जगायचं नाही, मग ओळखणार काय? गटारात टाकून द्या.

तुमच्या पत्राचा मला खरोखर आनंद झाला. इतकं नीट पाहिलेलं गेल्या कित्येक वर्षांत कोणी मला लिहून पाठवलेलं नाही. आमच्याकडे येणारी शिकाऊ पोरं काच पुसायची सोडून तिच्यात भांग पाडतात.

नाव आताच सांगत नाही. जातभाई पुष्कळ आहेत आणि घाईनं नाव ठेवलं की चुकतं. पण एक प्रयोग सुचवतो. या अळ्या ज्यावर असतात त्याचीच नळी करतात. राखाडी शालीवरची एक नळी चिमट्यानं अलगद उचला आणि किरमिजी स्वेटरवर ठेवा. मग दार घट्ट लावा. आठवडा-दोन आठवडे उघडू नका. ऊन नको, वारा नको, हलवाहलव नको. नळीला किरमिजी पट्टा आला तर मला कळवा. तो जमला की दुसरा रंग द्या. घरात तिची आणखी लोकर असेल तर तीही आत ठेवा, जितके रंग तितकं काम पक्कं. बारकी असती तर तिनं स्वतःच हे केलं असतं आणि जेवायचं विसरली असती.

एक विचारायचं राहतं आहे. शेवटी तिनं माझं नाव काढलं होतं का? तुम्ही कार्डात लिहिलं नव्हतं. जागा कमी असेल.

दादा


१८ जून

ती. दादांस,
सा. नमस्कार.

आज दुकानाला सुट्टी होती. सकाळी काचा घासायच्या यंत्राचा पट्टा बदलला, नंतर घर झाडले.

तुमचा प्रयोग जमला. राखाडी नळीला तोंडाशी किरमिजी पट्टा आला. मी तिलाच पुढे हिरव्या जाकिटावर ठेवले. आता ती तीन रंगांची आहे. मी भिंगातून पाहिले आणि किती वेळ गेला ते कळले नाही. हिच्या जाण्यानंतर मला असे पहिल्यांदाच झाले. परवा दुकानात एक नेहमीचे गिऱ्हाईक म्हणाले, आज तुमचा चेहरा बरा दिसतो. मी त्यांना पाखराबद्दल काही बोललो नाही, त्यांना वेड वाटेल.

कार्डही करून पाहिले. पंख जमले, मिशा मोडक्या आल्या. नावाची जागा मोकळी ठेवली आहे.

तुम्ही म्हटल्याप्रमाणे घरातली बाकीची लोकर आत ठेवली. हिचा निळा रुमाल माझ्या उशाशी असे. तो द्यावा की नाही याचा दोन दिवस विचार केला. पण रंग नवा आहे, आणि कामाला उपयोगी पडेल तर ते हिला आवडेल असे वाटून तोही ठेवला. पाखरे आता पुष्कळ झाली आहेत. संध्याकाळी पडद्यावर बसतात. मी हाकलत नाही.

तुमच्या प्रश्नाचे उत्तर लिहायला इतके दिवस लागले. तिने तुमची आठवण काढली होती. याहून जास्त सांगवत नाही, राग मानू नये.

दादा, तुम्ही विचारता म्हणून माझे दिवस बरे जात आहेत. आपण दोघे मिळून हिचेच काही करतो आहोत असे वाटते. हे तोंडाने म्हणायला मला जमले नसते.


१ जुलै

जावईबापू,

तिनं आठवण काढली, एवढं तुम्ही कळवलंत, बरं झालं. पण तेव्हाच कळवायला हवं होतं. आठवण काढली म्हणजे बोलावलं, आमच्या घरात तरी तोच अर्थ होतो. गाडीनं एका रात्रीचं अंतर आहे.

पाखराचं काम उत्तम चाललंय. आता काहीही करू नका. कपाट बंद ठेवा, थंडी पडेपर्यंत उघडू नका. थंडीत काय ते तुम्हाला आपोआप कळेल.

दादा


१९ नोव्हेंबर

ती. दादांस,

थंडी सुरू झाली. काल दुपारी तुमच्या मावशी आल्या होत्या. हिची आठवण म्हणून राखाडी शाल त्यांना द्यायची असे मी कबूल केले होते. त्या म्हणाल्या, माझे गुडघे आता काकडायला लागलेत, आणखी किती दिवस वाट पाहू?

मी तुम्ही सांगितलेले पाळले होते, तोवर उघडले नव्हते. पण थंडी पडलीच होती, म्हणून त्यांच्यासमोर दार उघडले. पाखरांचा एक लोंढा माझ्या तोंडावर आला. मावशींनी पदर नाकाला लावला आणि हात घालून शाल ओढली. शालीचा जो भाग त्यांच्या मुठीत होता तेवढाच बाहेर आला. उरलेली फळीवर भुशासारखी सांडली. त्यांनी जाकीट उचलले, त्याच्या पाठीतून पलीकडचे दिसत होते. निळ्या रुमालाची फक्त किनार होती. किरमिजी स्वेटर मी स्वतः उचलला. सुया खाली पडल्या. त्यांना धरून ठेवायला काही राहिले नव्हते.

मावशी बोलल्या ते तसेच लिहितो.

"अहो, कसर लागलीय ही. घरभर पाखरं उडतायत आणि तुम्ही हातावर हात ठेवून बसलात?"

मी त्यांना सांगितले की कसर म्हणजे पुस्तकांतला तो चंदेरी किडा असेच मी समजत आलो. पाखरू निराळे आहे, ते कोणते हे दादा शोधून देत आहेत, आणि त्यांच्याच सांगण्यावरून मी कपाट बंद ठेवले होते. हे ऐकून त्या पलंगावर बसल्या.

"दादा काय शोधणार? पाळण्यातून उतरल्यापासून ओळखतो तो या कसरीला. माझ्या ताईच्या, म्हणजे त्याच्या आईच्याच शालीतल्या अळ्या काढून त्यानं बाटलीत वाढवल्या होत्या. रंगीत लोकर घालायचा, रंगीत नळ्या व्हायच्या, आळीतल्या पोरांना दाखवायचा. ताईनं पाठ शेकली होती त्याची."

जाताना म्हणाल्या, शालीचं मनाला लावून घेऊ नका, मी माझं बघेन.

मला तुम्हाला एकच विचारायचे आहे. माझ्या पहिल्या पत्रातच तुम्हाला कळले होते का?


२७ नोव्हेंबर

जावईबापू,

हो. ‘दिवा लावला की पळतो’ हे वाचलं तेव्हाच कळलं. संग्रहालयात जन्म काढला म्हणजे काय केलं असं तुम्हाला वाटतं? याच पाखराशी भांडलो. आमच्याकडचं प्रत्येक अस्वल, प्रत्येक कोल्हा याच्या तोंडून काढून ठेवलेला आहे. माझ्याइतकं त्याला कोणी ओळखत नाही.

बारकीच्या कार्डांत ते का नाही, याचा तुम्ही एकदाही विचार केला नाहीत. ती दर वर्षी लोकर उन्हात टाकायची, झटकायची, नव्या गोळ्या घालायची. तिनं त्याला घरात पाऊल टाकू दिलं नाही. तुम्ही दार लावून त्याला अंधार दिलात.

आता माझं ऐका. सबंध हिवाळा माझी बहीण अंथरुणावर होती. मला कोणी कळवलं नाही. मग एक कार्ड आलं. ‘ही गेली. सर्व आटोपले.’ मला एक ओळ, आणि तुमच्याकडे कपाटभर बारकी. वास, विणलेलं, अर्धवट राहिलेलं, उशाशी ठेवायला रुमालसुद्धा. आणि ते तुम्ही मला लिहून कळवत होतात, भिंग लावून. मी म्हटलं, तुमच्याकडचीही जराशी कमी होऊ दे. रोज थोडी थोडी. आणि तुम्हीच जपून खाऊ घालायचं.

मावशीला काय वाटायचं ते वाटो. मला वाईट वाटलेलं नाही. वाटेल म्हणून थांबलो होतो, म्हणून उत्तराला हे दोन-चार दिवस लागले.

नाव हवं होतं ना? कसर. कार्डावर लिहून टाका.

दादा


८ डिसेंबर

दादांस,

आज दुकान उघडले नाही. सकाळी कपाट रिकामे केले. जे होते ते पोत्यात भरून इमारतीच्या मागे नेऊन जाळले. लोकर पेटत नाही, नुसती आक्रसते आणि केस जळल्यासारखा वास येतो. वरच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडले, ते रास्त होते. विझेपर्यंत थांबून राख पाण्याने धुतली. नंतर फळ्या साबणाने पुसल्या.

तुम्ही विचारले होतेत, म्हणून आता सांगतो. सांगायचे नाही असे मी ठरवले होते.

हिच्या आजारपणात तुम्हाला कळवायला मी पत्र लिहिले होते. पाकीट चिकटवले होते. तिने ते माझ्या हातातून मागून घेतले आणि उशीखाली ठेवले. म्हणाली, "दादाला कळवू नका. तो येईल, खुर्ची ओढून बसेल आणि बघत राहील."

मी म्हणालो, भाऊ आहे, त्याला बघावेसे वाटणारच.

ती म्हणाली, "बाटलीत पतंग टाकला की त्याचा पाय हलायचा कधी थांबतो, ते बघायला तो मला शेजारी बसवायचा. मी डोळे मिटले तर बोटांनी उघडायचा. म्हणायचा, आता, आता बघ. मला त्या बाटलीत जायचं नाही."

मी पुन्हा एकदा सुचवून पाहिले. शेवटच्या आठवड्यात, ती नीट बोलत होती तेव्हा. तिने मान हलवली आणि म्हणाली, "तुम्ही त्याला ओळखत नाही." मला ते तेव्हा पटले नव्हते. आजारी माणूस बोलते तसे बोलली असे मी धरले. तुमच्याबद्दल मला वाईट वाटले, म्हणून पुढे तुम्ही विचारलेत तेव्हा आठवण काढली एवढेच लिहिले. ते खोटे नव्हते. तिने तुमची आठवण काढली ती अशी. त्यानंतर तुमचा विषय तिने काढला नाही. जाताना तिचे डोळे मिटलेले होते, आणि खोलीत माझ्याशिवाय कोणी नव्हते. तिला तेच हवे होते. तसे झाले.

तुम्हाला बहीण म्हणून एक ओळ मिळाली असे तुम्ही लिहिले आहे. आता या चार-पाच झाल्या. या कशालाही खाता येणार नाहीत.

मावशींना मी यातले काही सांगणार नाही. तुम्ही पुन्हा लिहू नये. पाकीट आले तर न फोडता परत जाईल. पोस्टमनला तसे सांगून ठेवले आहे.

बाहेर अंधारून आले आहे. सकाळचे दूध तसेच पडले आहे, आता तापवले नाही तर नासेल. पातेले धुऊन घेतो आणि गॅसवर ठेवतो.